रडलं तर जिवंत

आमच्या ह्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणतात. दुकानावर पाटी आहे, तिच्यावर चांगलं मोठं नाव रंगवून घेतलेलं आहे, पण ती पाटी वाचणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. एखाद्याचा जुना कॉम्प्युटर बसला, बटण दाबलं तरी पडदा काळाच्या काळाच राहिला, की लोक एकमेकांना सांगायचे, "कानवाल्यांकडे घेऊन जा." नवीन मशीन ह्यांनी कधी हातात घेतलं नाही. "नवीन बिघडलं तर नवीन माणसाकडे जा," असं तोंडावर सांगायचे. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? पण ह्यांना कोण शिकवणार!

ह्यांच्याकडे यायची ती टाकून देता न येणारी मशीनं. एक वजनकाट्याला जोडलेलं, एक कारखान्यातल्या लेथला जोडलेलं, एक वाचनालयाचं, ज्याच्याशिवाय तिथं एक पुस्तक सापडायचं नाही. प्रोग्रॅम जुना, नव्या मशीनवर चालत नाही, आणि तो लिहिणारा माणूस कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. असं मशीन बंद पडलं की मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. ते पोटाशी धरून तो दुकानाच्या पायऱ्या चढायचा आणि टेबलावर ठेवून एवढंच म्हणायचा, "काहीच दिसत नाही हो."

"दिसत नाही तर बघता कशाला? ऐका," हे म्हणायचे.

त्यांचं म्हणणं असं, की जुनं मशीन चालू झालं की आधी स्वतःची तब्येत तपासतं. पडद्यावर चित्र यायच्या आधीची ही गोष्ट. त्यात काही बिघाड सापडला तर पडद्यावर लिहून दाखवायची सोयच नसते, म्हणून आतला एक बारकासा स्पीकर ओरडतो. एक लांब आणि दोन आखूड ओरडला तर पडद्याचं कार्ड गेलं. लांब, थांबून पुन्हा लांब, असा ओरडत राहिला तर मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही. नुसतं एकदाच टुक् केलं आणि तरी पडदा काळा, तर मशीन ठीक आहे, मॉनिटर किंवा त्याची वायर बघा. हे सगळं ह्यांच्या डोक्यात होतं. बटण दाबायचे, वाकायचे आणि उजवा कान डब्याला जवळजवळ टेकवायचे. दुकानात तेव्हा कुणी हूं की चूं करायचं नाही. एकदा एक मोठे अधिकारी मध्येच फोनवर बोलायला लागले, तर ह्यांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेऊन उभं केलं.

आणि अगदीच काही कळेना, तर ह्यांची शेवटची परीक्षा असायची. मशीन उघडंनागडं करायचे. कार्डं काढ, डिस्क काढ, मेमरीची पट्टीसुद्धा काढ. आत राहिला फक्त बोर्ड आणि वीज. आता चालू केलं की मेमरी नाही म्हणून त्यानं बोंब मारलीच पाहिजे. सुईण नाही का बाळ बाहेर आलं की रडण्याची वाट बघत? तसंच ते. "रडलं तर जिवंत," हे म्हणायचे. रडलं तर बोर्ड शाबूत आहे, बाकीचं शोधून काढता येईल. नाही रडलं तर बोर्ड मेला, पुढं हात लावण्यात अर्थ नाही. मग मालकाला समोर बसवायचे, पाणी द्यायचे आणि सांगायचे, "गेलं हे. ह्याच्यावर आता एक पैसाही घालू नका." मेलेल्या मशीनची मजुरी ह्यांनी कधी घेतली नाही.

लोकांना ते फार पटायचं. नाही तर बिघाड सांगायला कोण तयार नसतं? पण ‘गेलं’ असं सरळ सांगणारा माणूस मिळत नाही. ह्यांनी गेलं म्हटलं की ते गेलं. दुसऱ्याला दाखवावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. मी लहान मुलांच्या शाळेत शिकवायचे; सकाळी माझी रिक्षा एका बाजूला जायची आणि ह्यांची सायकल दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी घरी आल्यावर हे मशीनच्या गोष्टी सांगायचे आणि मी पोरांच्या. दोघंही आपापलंच सांगत असू, त्यामुळं संसार बरा चालला. एवढं खरं, की शेवटची काही वर्षं ह्यांच्या गोष्टींत मेलेली मशीनं वाढली होती. "आज पण एक मुकं निघालं," म्हणायचे. "म्हातारी झालीत गं. त्यांचीही वेळ आलीच की." मी म्हणे, "आपलीही आली. जेवा आता." गिऱ्हाईकही कमी होत चाललं होतं, पण त्याचं कारण आम्हाला उघड दिसत होतं. जुनी मशीनं संपत आली, की ती दुरुस्त करणाराही संपणार. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं?

मी निवृत्त झाले आणि घरात मला करमेना. शाळेत आवाजाची सवय; घरात भिंतीवरचं घड्याळही चोरपावलांनी चाललंय असं वाटायचं. म्हणून दुपारी डबा घेऊन मी दुकानात जायला लागले. अरुंद खोली, खिडकीशी लांब टेबल, टेबलासमोर भिंतीला एक आरसा. मशीनच्या मागं वाकून काम करताना पडदा दिसावा म्हणून तो लावलेला, पण मी त्यात आपले केस नीट करून घेई. कोपऱ्यात एक मोठं खोकं, त्यात मुकी निघालेली मशीनं. खोकं भरलं की भंगारवाला येऊन घेऊन जाई.

त्या दुपारी मी डबा उघडत होते. हे एका शाळेच्या मशीनचं पोट मोकळं करून बसले होते. शेवटच्या परीक्षेची वेळ आलेली. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि त्या मशीननं जो काही गळा काढला! बारीक, तीक्ष्ण, डोक्यात सुई टोचल्यासारखा. थांबला आणि पुन्हा सुरू.

हे वाकून कान लावून बसले होते. कपाळाला आठी, डोळे मिटलेले.

मी शिस्त पाळून गप्प बसले. पण आवाज काही थांबेना, आणि हेही काही उठेनात. शेवटी राहवलं नाही.

"अहो, बंद करा ना ते! डोकं उठलं."

"काय बंद करू?" त्यांनी डोळे उघडले.

"ते मशीन. ओरडतंय ते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग जरा हसले. "अगं, हे मुकं आहे. गेलंय हे."

मला वाटलं, चेष्टा करतायत. वर्गात पोरं करतात तशी. हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं दाखवायचं. अशा पोरांवर माझा एक जालीम उपाय होता. मी उठले, ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आता ओरडतंय. आता थांबलं. आता ओरडतंय. थांबलं. ओरडतंय." ओरडलं की बोट वर, थांबलं की खाली.

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. माझं बोट वर. बंद केलं. बोट खाली. मग मला पाठमोरं उभं केलं, आरशातही काही दिसू नये म्हणून त्यावर फडकं टाकलं, आणि माझ्या नकळत कधी चालू, कधी बंद करत राहिले. पंखा फिरतो म्हणून मला कळत असेल, अशी शंका आली तेव्हा पंख्याचीही वायर काढली. माझं एकही बोट चुकलं नाही. कसं चुकेल? पार पलीकडच्या रस्त्यावरही ऐकू जाईल असा तो आवाज होता.

मग ह्यांनी त्या बारक्या स्पीकरवर बोटाचं टोक ठेवलं. ते थरथरत असणार. बोट तिथंच ठेवून ते स्टुलावर बसले. जेवणाचा डबा तसाच राहिला. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

मी म्हटलं, "एवढं काय? वय झालं. माझे गुडघे गेले, तुमचे कान गेले." त्यावर ते जे बोलले ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

"आणि ती?"

"ती कोण?"

त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे मान केली. "ती सगळी."

खोकं रिकामं होतं. भंगारवाला नुकताच येऊन गेला होता.

कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला हेडफोन लावून तपासलं. कागदावर एक रेघ उमटली. बराच वेळ सरळ चाललेली आणि मग एकदम दरीत उतरलेली. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. माणसांचं बोलणं ह्यांना बऱ्यापैकी ऐकू येतं, थोडं निसटतं तेवढं हे अंदाजानं भरून काढतात. पण बारीक, उंच आवाज आहेत ना, तिथं आता काही राहिलेलं नाही. कानाचं यंत्र लावलं तर बोलण्याला फायदा होईल. त्या दरीतलं मात्र परत येत नाही.

"कधीपासून असेल?" ह्यांनी विचारलं.

"हळूहळू होतं हे. नक्की सांगता येणार नाही."

"पण साधारण कधीपासून?"

"बऱ्याच वर्षांपासून असू शकतं. माणसाला स्वतःला कळत नाही."

"म्हणजे किती वर्षं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, ह्यांना ऐकूच आलं नाही. ह्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांना फक्त हवं ते उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं, आणि ते कुणाकडेच नव्हतं.

तिथून हे सरळ भंगारवाल्याकडे गेले. मी मागोमाग. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये बोर्डांचा ढीग होता, पण तो दुसऱ्या कुणाचा. भंगारवाला म्हणाला, "तुमचा माल कधीच पुढं गेला काका. तिकडं भुगा करतात त्याचा." हे तरी ढिगात हात घालून एकेक बोर्ड उलटा करून बघत राहिले. मी त्यांना कितीदा हाक मारली. शेवटी हात धरून बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या बोटाला पत्रा लागून रक्त आलेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग ते आठवायला लागले. आंघोळीहून आले की दारातच थांबायचे, "तो वजनकाटेवाला. त्याचा बोर्ड हाताला चांगला कोमट लागत होता. मी गेलं म्हणून सांगितलं." हातात घास असताना म्हणायचे, "ते वाचनालयाचं. तेही बहुतेक रडत असेल." मी आधी समजूत घातली. मग रागावले. मग ओरडले. "तुम्ही काय मुद्दाम केलंत? चुका डॉक्टरांच्याही होतात!" म्हटलं. "डॉक्टरांना आपली चूक निदान कळते," हे म्हणाले. आमची मुलगी फोनवर मला सांगायची, "आई, बाबांना कशात तरी गुंतव." कशात गुंतवू? त्यांना एकच गोष्ट येत होती. शाळेत रडणाऱ्या पोराला मी मांडीवर घ्यायचे, खडू द्यायचे, काहीतरी करायचे. ह्यांच्यापुढं मी अगदी हात टेकले. रोज समोर बसून बघायचं आणि काही करता यायचं नाही, असं माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

एक दिवस हे चहा पिता पिता एकदम उभे राहिले. "साचेवाल्या बाई!"

"त्यांचं काय?"

"त्यांनी मशीन भंगारात दिलं नव्हतं. घरी घेऊन गेल्या होत्या."

साचेवाल्या बाई म्हणजे कपड्यांच्या कटिंगचे कागदी साचे काढून देणाऱ्या. त्यांच्या मशीनमध्ये मापं घातली की त्याला जोडलेला लांबलचक प्लॉटर कागदावर बाही, पाठ, कॉलर अशी रेघ मारून द्यायचा. लहान लहान शिंपी, घरी कपडे शिवणाऱ्या बायका, सगळे त्यांच्याकडून साचे न्यायचे. नवरा लवकर गेला, त्या मशीनवर त्यांनी घर चालवलं. त्यांचं मशीन काळं पडलं तेव्हा ह्यांनी परीक्षा घेतली आणि गेलं म्हणून सांगितलं. तसाच बोर्ड कुठं मिळतो का म्हणून बरेच दिवस हिंडलेही, पण मिळाला नाही. बाईंनी शेवटी प्लॉटर विकून टाकला. मशीन तेवढं घरी नेलं. टाकायला जीव होईना म्हणाल्या. आता त्या कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात होत्या. तिथं शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबणारे धागे कापायचं काम करायच्या. हे आम्हाला आमच्या शिंप्याकडून कळलं होतं, आणि तेव्हा हे हळहळले होते, "चांगल्या कलाकार बाई, काय वेळ आली!"

आता ते हळहळले नाहीत. बाईंच्या सुट्टीचा दिवस शोधून काढला, एक बारका मॉनिटर पिशवीत घातला, हत्यारांचा डबा घेतला आणि मला म्हणाले, "तू चल. मला कान पाहिजेत."

वाटेत ते जे म्हणाले तेही सांगते. म्हणाले, "मुकंच असू दे. खरंच मेलेलं असू दे. निदान एक तरी मी बरोबर सांगितलेलं असू दे." आणि लगेच म्हणाले, "नको. जिवंत असू दे. त्यांचं काम परत सुरू होईल." मला काय मागावं तेच कळेना.

बाई तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. आम्हाला बघून त्यांची धांदल उडाली. "या ना वहिनी, या दादा," म्हणत त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले. मशीन खिडकीखाली होतं. त्याच्यावर स्वच्छ फडकं अंथरून घडी केलेल्या चादरी ठेवलेल्या.

ह्यांनी आडवळण घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, माझे कान गेलेत. कधी गेले मला माहीत नाही. तुमचं मशीन मी गेलं म्हणून सांगितलं होतं, ते खरं होतं की नाही, ते मला आज बघायचंय. चालेल का?"

बाई गोंधळल्या. "अहो, त्यात काय दादा. बघा की." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बरं आहे ना ह्यांना?" मी म्हटलं, "बघू द्या त्यांना."

ह्यांनी चादरी उतरवल्या, मशीन उघडलं, धूळ फुंकली. आतलं काही काढलं नाही. मॉनिटर जोडला, वीज लावली आणि बटण दाबलं. पंखा करकरला, फिरायला लागला. मॉनिटरचा दिवा पिवळाच राहिला, पडदा काळा.

आणि मशीन ओरडायला लागलं. लांब. थांबलं. पुन्हा लांब.

मी बोट वर केलं. हे मशीनकडे बघतच नव्हते, माझ्या बोटाकडे बघत होते. "लांब की आखूड?" "लांब." "सारखं?" "थांबून थांबून." त्यांनी एकदा डोळे मिटले. मग मशीन बंद केलं, मेमरीची पट्टी काढली, खिशातून खोडरबर काढलं आणि पट्टीची सोनेरी कडा घासायला लागले. साधं शाळेतलं खोडरबर. घासताना पट्टी निसटायला लागली, तेव्हा मीच ती धरली. जागेवर दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे चाप टक्‌कन लागले. बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तारीख चुकीची आहे म्हणून मशीननं एक बटण दाबायला सांगितलं. ह्यांनी ते दाबलं. थोडं गुरगुरलं, आणि बाईंचा प्रोग्रॅम उघडला.

बाई जवळ आल्या. कुणी काही न सांगता त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. बोटांना सगळं आठवत होतं. पडद्यावर एक बाही उमटली, हिरव्या रेघेची. मग लहान मुलाच्या सदऱ्याची पाठ. मग कॉलर. "ही मी दोन दिवस बसून केली होती," त्या कॉलरवर बोट ठेवून म्हणाल्या. "ह्याच्यासारखी कॉलर कुणाचीच बसायची नाही." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हेही हसत होते. मला वाटलं, देवा, झालं एकदाचं चांगलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आता सुरू करा परत," मी म्हटलं.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "कशावर वहिनी? प्लॉटर तर गेला. आणि शिंपी आता थांबलेत थोडेच? सगळे फोनवरून साचे मागवतात, बाहेरून छापून येतात." त्या तक्रार करत नव्हत्या. धुतलेले कपडे वाळले की नाही सांगावं, तसं सांगत होत्या. "पण बरं वाटलं हो बघून."

ह्यांनी मान खाली घातली. "तेव्हाही एवढंच असणार. ही पट्टी. पाच मिनिटांचं काम होतं."

"जाऊ द्या दादा."

"मी तेव्हा पट्टी काढून चालू केलं होतं. रडायला हवं होतं. मला वाटलं, नाही रडलं."

"रडलं ना," बाई म्हणाल्या. त्या चहाची कपबशी पुढं करत होत्या, अगदी सहज बोलल्या. "चांगलं जोरात ओरडत होतं. आतासारखंच. मी तिथंच तर उभी होते तुमच्या टेबलापाशी."



"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज शाळेतला झाला, मला कळत होतं, पण आवरता आला नाही. "एक शब्द बोलला असतात तर!"

बाई घाबरल्या. कपबशी त्यांच्या हातातच राहिली. "काय बोलणार वहिनी? दादा त्याला कान लावूनच बसले होते. माझ्यापेक्षा जवळ होते. मला वाटलं, एवढं ओरडतंय म्हणजेच गेलं असणार. आणि दादा ते ऐकूनच सांगतायत."

ह्यांनी त्यांच्या हातून कप घेतला. सगळा चहा प्यायले. चांगला झालाय म्हणाले. चादरी परत जशा होत्या तशा घडी करून मशीनवर ठेवायला लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे दादा, आज उघडंच राहू दे." मग आम्ही निघालो.

आम्ही जिना उतरलो. मॉनिटरची पिशवी जड होती, पण हे ती माझ्या हातात देईनात. खाली रस्त्यावर आलो. गाड्यांची वर्दळ होती. तिथं ते उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं," ते म्हणाले. "तो वजनकाटेवाला, ते वाचनालयाचे गृहस्थ. सगळे तिथं उभे राहून ऐकत होते. आणि मी त्यांना गप्प बसवून ठेवलं होतं."

मी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली, त्यांचा दंड घट्ट धरला, आणि गाडी येत नाही असं बघून आम्ही रस्ता ओलांडला.